कॅरोलाइन क्वाइनर-इंगल्स : चरित्र व कुलवृत्त

कॅरोलाइन इंगल्स हें नांव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस अपरिचित वाटेल. परंतु लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेच्या 'लिटल हाउस' मालेंतील कादंबऱ्या ज्यांनीं किंवा ज्यांच्या मुलांनीं वाचल्या असतील, त्यांस त्यांतील शांत, मितभाषी व नीटनेटकी आई खचित आठवेल. ती आई म्हणजे हीच कॅरोलाइन. इ. स. १९३२ पासून १९४३ पर्यंत लॉराबाईंनीं या मालेच्या आठ कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या, आणि त्यांचा प्रसार एवढा झाला कीं, त्यांत वर्णिलेला क्रम हाच इंगल्स घराण्याचा इतिहास, अशी लोकांची समजूत होऊन बसली. एखाद्या घराण्याची सुरस बखर हातीं आली म्हणजे अस्सल कागद पाहण्याची इच्छा मंदावते, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. प्रस्तुत लेखांत ती बखर थोडी बाजूस सारून, खानेसुमारीचीं पत्रकें, खरेदीखतें, सरकारी मदतीचे कागद, घरच्या बायबलांत केलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी व नातलगांचीं पत्रें यांवरून या स्त्रीचें चरित्र कसें उभें राहतें हें पाहावयाचें आहे. तें उभें राहिलें म्हणजे कादंबरीनें काय झांकलें होतें तेंही आपोआप उघडें पडतें.

प्रथम साधनांविषयीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७९० पासून दर दहा वर्षांनीं खानेसुमारी होत आली आहे. पण १८४० पर्यंतच्या पत्रकांत केवळ कुटुंबप्रमुखाचें नांव लिहीत. बाकीचीं माणसें वयाच्या रकान्यांत नुसत्या आंकड्यांनीं दाखवीत. घरांतील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचें नांव लिहिण्याची पद्धत १८५० पासून पडली. गुलामांचीं नांवें तेव्हांही बहुधा लिहीत नसत. म्हणजे १८३९ सालीं जन्मलेली मुलगी १८४० च्या पत्रकांत शोधूं गेल्यास ती बापाच्या नांवापुढील एका आंकड्यांत दडलेली असावयाची. पुढें १८९० चीं पत्रकें १९२१ च्या आगीमुळें जवळजवळ सर्व नष्ट झालीं. त्यामुळें १८८० व १९०० यांमध्यें वीस वर्षांची पोकळी राहते. तीच वर्षें पश्चिमेकडील नव्या वसाहतींच्या भरभराटीचीं असल्यानें ही हानि शोधकांस फार जाणवते.

स्त्रियांच्या बाबतींत याहून मोठी अडचण नांवाची. विवाहाबरोबर आडनांव बदलतें, आणि विधवेनें पुनर्विवाह केला तर तें पुन्हां बदलतें. कॅरोलाइनच्या आईचाच दाखला घ्या. ती माहेरची टकर, पहिल्या विवाहानें क्वाइनर व दुसऱ्यानें हॉलब्रुक; तेव्हां एकाच बाईसाठीं तीन आडनांवांचीं दप्तरें चाळावीं लागतात. उलट पक्षीं एक सोयही आहे. नवऱ्यानें जमीन विकली म्हणजे तीवरील पत्नीचा हक्क सुटावा म्हणून खतावर तिचीही सही घेण्याचा प्रघात पुष्कळ संस्थानांत होता. ज्या स्त्रीनें आयुष्यांत स्वतःच्या नांवें एक बिघाही घेतला नाहीं, तीसुद्धां अशा रीतीनें नोंदणी दप्तरांत सांपडते. जमीन घेण्यापेक्षां सोडतांना ती अधिक ठळक दिसते, हें मात्र खरें.

स्थलनामांविषयींही सावध राहावें लागतें. ज्यास तिकडे काउंटी म्हणतात त्यास आम्ही परगणा म्हणूं. कॅरोलाइनचा जन्म १२ डिसेंबर १८३९ रोजीं विस्कॉन्सिन प्रांतांत ब्रुकफील्ड येथें झाला. त्या वेळीं तें ठिकाण मिलवॉकी परगण्यांत मोडत असे. १८४६ सालीं त्यांतून वॉकेशा हा निराळा परगणा पाडण्यांत आला, आणि १८४८ सालीं विस्कॉन्सिन प्रांताचें संस्थान झालें. घर न हलतां परगणाही बदलला आणि राज्यव्यवस्थाही बदलली. मिलवॉकी व वॉकेशा असे दोन जन्मपरगणे निरनिराळ्या लेखांत आढळतात, यास्तव त्यांत विरोध मानूं नये.

आतां कुलवृत्त. कॅरोलाइनचा बाप हेन्री न्यूटन क्वाइनर हा कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवनकडचा. आई शार्लट टकर ही बॉस्टनकडची, व ती शिवणकाम करून निर्वाह करीत असे. त्यांचा विवाह १८३१ सालीं झाला. पहिली मुलगी लहानपणींच वारली. पुढें जोसेफ, हेन्री, मार्था, कॅरोलाइन, एलायझा व टॉमस अशीं सहा मुलें वाढलीं. कुटुंब पूर्वेकडून टप्प्याटप्प्यानें विस्कॉन्सिनपर्यंत आलें. १८४५ च्या शरदांत बाप व्यापारी जहाजावर असतां मिशिगन सरोवरांत वादळांत जहाज बुडून मेला. कॅरोलाइनला तेव्हां सहावें वर्षही पुरें झालें नव्हतें. आईनें सहा मुलांसह दिवस काढले, पुढें जेफर्सन परगण्यांतील काँकॉर्ड येथें जमीन धरली, आणि १८४९ सालीं फ्रेडरिक हॉलब्रुक या शेजाऱ्याशीं पुनर्विवाह केला. या सावत्र बापानें मुलांचा प्रतिपाळ चांगला केला असावा, असें मानण्यास एक पुरावा आहे. कॅरोलाइनला पुढें एकच मुलगा झाला. त्याचें नांव तिनें व तिच्या नवऱ्यानें चार्ल्स फ्रेडरिक ठेविलें. पहिलें नांव नवऱ्याचें. दुसरें या सावत्र बापाचें असावें. बुडालेल्या बापाचें 'हेन्री' हें नांव मुलास दिलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस लक्षांत घेण्याजोगी वाटते.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास कॅरोलाइन शाळेंत शिकवूं लागली. काँकॉर्ड येथेंच न्यूयॉर्क संस्थानांतून आलेलें इंगल्स कुटुंब राहत होतें. लान्सफर्ड इंगल्स व त्याची बायको लॉरा कोल्बी यांचा मुलगा चार्ल्स फिलिप (जन्म १० जानेवारी १८३६) याच्याशीं १ फेब्रुवारी १८६० रोजीं तिचा विवाह झाला. या दोन घराण्यांत एकच सोयरीक झाली नाहीं. १८५९ सालीं कॅरोलाइनचा भाऊ हेन्री यानें चार्ल्सची बहीण पॉली हिच्याशीं, आणि १८६१ सालीं तिची बहीण एलायझा हिनें चार्ल्सचा भाऊ पीटर याच्याशीं विवाह केला. आपल्याकडे ज्यास साटेलोटें म्हणतात त्याच जातीचा हा प्रकार, पण तीनपदरी. त्यामुळें कॅरोलाइनच्या मुलींस हेन्री हा मामा, तर त्याची बायको आत्या. पीटर काका, तर त्याची बायको मावशी. हेन्रीचीं मुलें एकदम मामेभावंडें व आतेभावंडें, आणि पीटरचीं चुलत व मावसही. इंग्रजींत या सर्वांस एकच शब्द असल्यानें पत्रांतून व मृत्युलेखांतून नातें कोणत्या बाजूनें आलें हें कळत नाहीं, व वंशावळी काढणारे पुष्कळदां फसतात. मराठींत लिहूं लागलें म्हणजे मात्र दोन्ही नातीं निराळीं मांडल्यावांचून वाक्यच पुरें होत नाहीं. याच काळांत थोरला भाऊ जोसेफ यादवी युद्धांत गेला व शायलो येथील लढाईंत जखमी होऊन एप्रिल १८६२ मध्यें मरण पावला.

१८६३ सालीं चार्ल्स व हेन्री या मेहुण्यांनीं मिळून विस्कॉन्सिनच्या पश्चिम सीमेवरील पेपिन परगण्यांत जंगलाची जमीन घेतली. तेथेंच मेरी (१० जानेवारी १८६५, म्हणजे बापाच्याच जन्मदिवशीं) व लॉरा (७ फेब्रुवारी १८६७) या मुली झाल्या.

येथून पुढील तीन वर्षें हाच या चरित्रांतील सर्वांत घोटाळ्याचा भाग होय. कादंबऱ्यांचा क्रम असा आहे: प्रथम विस्कॉन्सिनच्या अरण्यांतील घर, त्यांत लॉरा पांच वर्षांची होते, नंतर तेथून निघून थेट कॅन्ससच्या माळावर प्रयाण, त्या वेळीं कॅरी नांवाची तान्ही मुलगी बरोबर गाडींत आहे, माळावर इंडिपेंडन्स गांवापासून चाळीस मैलांवर घर, आणि शेवटीं सरकारी सैन्य वसाहतकऱ्यांस हुसकावणार असें कळल्यावर बाप रागानें तें घर सोडतो. कागद काय सांगतात तें आतां पाहूं.

पेपिनची जमीन गुस्ताफ गुस्ताफसन नांवाच्या स्वीडिश मनुष्यास १८६८ सालीं विकल्याचें खत आहे. रकमेचा भरणा पुढें सावकाश व्हावयाचा होता. त्याच वर्षीं चार्ल्सनें मिसूरी संस्थानांत शॅरिटन परगण्यांत जमीन घेतली. ही मिसूरीची जमीन कादंबरींत कोठेंच नाहीं. ती १८७० सालीं मूळ मालकास परत करून दिली गेली, आणि त्या वेळीं हीं नवराबायको कॅन्ससमध्यें माँटगोमेरी परगण्यांत होतीं. घरच्या बायबलांत आईच्या हातची नोंद आहे: कॅरीचा जन्म ३ ऑगस्ट १८७०, माँटगोमेरी परगणा, कॅन्सस. त्याच ऑगस्टांत खानेसुमारीचा गणक रटलंड टाउनशिपमध्यें फिरला, आणि त्याच्या पत्रकांत चार्ल्स, कॅरोलाइन व त्यांच्या मुली नोंदलेल्या आहेत. म्हणजे कॅरी गाडींत बसून कॅन्ससला आली नाहीं. ती तेथेंच जन्मली. लॉरा तेथें असतां अडीच ते चार वर्षांची होती. 'माळावरील घरां'त तिनें सांगितलेल्या आठवणींपैकीं पुष्कळशा तिच्या स्वतःच्या नसून आईबापांच्या व थोरल्या बहिणीच्या तोंडून ऐकलेल्या असल्या पाहिजेत. म्हणजे ज्या कादंबरीचें श्रेय लॉरेच्या स्मरणशक्तीस देतात, तिचा बराचसा भाग कॅरोलाइनच्या सांगण्यावर उभारला आहे. आईच्या चरित्राचें साधन म्हणून तिची किंमत यामुळें कमी न होतां निराळी होते.

चाळीस मैलांचा आंकडाही चुकीचा. घराचें ठिकाण इंडिपेंडन्सपासून सुमारें तेरा मैलांवर आहे. लॉराबाई व त्यांची कन्या यांनीं स्वतः मोटारीनें जाऊन ती जागा शोधण्याचा प्रयत्न केला, पण चाळीस मैलांच्या हिशेबानें गेल्यामुळें त्या चुकीच्या प्रदेशांत फिरल्या. पुढें १९६० नंतर स्थानिक इतिहासप्रेमींनीं खानेसुमारीचें पत्रक व जमिनींचीं दप्तरें ताडून ती जागा निश्चित केली. स्वतःच्या बालपणाचें घर लेखिकेस सांपडूं नये आणि एका कारकुनाच्या पत्रकानें तें दाखवून द्यावें, ही गोष्ट कागद जमविणारांस समाधान देईल.

परंतु त्याच पत्रकांत याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. जमिनीच्या किमतीचा रकाना गणकानें भरला नाहीं. कारण, त्यानें नमूद केल्याप्रमाणें, ही जमीन ओसेज लोकांची असून वसाहतकऱ्यांस तीवर कसलाही हक्क नव्हता. ओसेज हें तेथील मूळचें राष्ट्र. १८६५ च्या तहानें त्यांनीं आपल्या प्रदेशाचा मोठा भाग सोडला व उरलेला राखून ठेविला. या राखीव प्रदेशांतच गोरे लोक घुसून घरें बांधूं लागले होते. १५ जुलै १८७० रोजीं वॉशिंग्टनच्या कायदेमंडळानें ओसेजांस तेथून हलवून ती जमीन वसाहतकऱ्यांस एकरीं सव्वा डॉलर दरानें विकण्याचा कायदा केला, व सप्टेंबरांत ओसेज प्रमुखांची त्यास संमति घेण्यांत आली. तारखांचा मेळ पाहावा. कायदा जुलैच्या मध्यास, कॅरीचा जन्म ऑगस्टच्या तिसऱ्या तारखेस, गणकाची फेरी त्याच महिन्यांत, आणि ओसेजांची संमति पुढल्या महिन्यांत. म्हणजे कॅरोलाइननें ज्या भूमीवर तिसरें मूल प्रसविलें ती त्या दिवशीं कायद्यानें दुसऱ्याची होती, आणि त्या दुसऱ्यास तेथून घालविण्याचा ठराव होऊन तीनच आठवडे लोटले होते.

यावरून कादंबरीचा शेवटही टिकत नाहीं. कुटुंब १८७१ च्या वसंतांत कॅन्सस सोडून गेलें. तोंपर्यंत सरकारचा कायदा वसाहतकऱ्यांस अनुकूल झाला होता. हुसकावले गेले ते ओसेज. मग इंगल्स कुटुंब कां गेलें? याचें उत्तर पेपिनच्या दप्तरांत मिळतें. गुस्ताफसनकडून जमिनीची बाकी येईना, व ती जमीन परत ताब्यांत घेणें प्राप्त झालें. कॅन्ससच्या जमिनीसाठीं एकरीं सव्वा डॉलर भरण्यास पैसा नव्हता, आणि विस्कॉन्सिनमध्यें स्वतःची जमीन उभी होती. असा हा साधा हिशेब असावा, असें आमचें मत आहे. बापाच्या अभिमानाची गोष्ट म्हणून मुलीस जें सांगण्यांत आलें, तें न वसूल झालेल्या कर्जाचें प्रकरण होतें. ओसेजांविषयीं कादंबरींतील आईच्या तोंडीं जे तिरस्काराचे उद्गार आहेत, ते कॅरोलाइनच्या हातच्या कोणत्याही कागदाचा आधार म्हणून कोणी पुढें करूं नयेत. ते साठ वर्षांनंतर दुसऱ्यानें लिहिलेले आहेत. या कादंबरीच्या आरंभीं, माळावर माणसें नव्हतीं, केवळ इंडियन होते, अशा अर्थाचें एक वाक्य होतें. एका वाचकाच्या तक्रारीवरून लेखिकेच्या संमतीनें १९५३ सालीं 'माणसें' हा शब्द काढून 'वसाहतकरी' असा घालण्यांत आला. पाठभेदांचे शोध घेणारांनीं जुन्या आवृत्त्या जपून ठेवाव्या.

कादंबरी सर्वत्र खोटी, असा मात्र ग्रह करून घेऊं नये. घरांतील सर्व माणसें हिंवतापानें पडलीं असतां एका कृष्णवर्णी वैद्यानें त्यांस वांचविलें, असा प्रसंग तींत आहे. हें पात्र कल्पित असेल असें वाटण्याचा संभव होता. पण डॉक्टर जॉर्ज टॅन हें नांव त्याच टाउनशिपच्या खानेसुमारींत आढळतें, आणि त्याची समाधि इंडिपेंडन्स येथें आहे.

पेपिनला परतल्यावर कुटुंब तीन वर्षांच्या आंत पुन्हां निघालें. १८७४ सालीं मिनेसोटांतील वॉलनट ग्रोव्हजवळ प्लम नांवाच्या ओढ्याकांठीं त्यांनीं जमीन धरली. प्रथम दरडींत खणलेल्या घरांत राहिलीं. त्या वर्षांत टोळधाडीनें तिकडील प्रदेश उजाड करून सोडला होता. कादंबरींत बाप मजुरीसाठीं पायीं पूर्वेकडे जातो, व घर मोठ्या धीरानें तग धरतें. यास पूरक असा जो कागद आहे तो मात्र कादंबरींत नाहीं. ३० नोव्हेंबर १८७५ रोजीं चार्ल्स इंगल्स यानें सरकारी अधिकाऱ्यापुढें शपथेवर लिहून दिलें कीं, आपणाजवळ निर्वाहाचें कसलेंही साधन उरलें नाहीं; आणि त्याबद्दल त्यास सव्वापांच डॉलर किमतीचीं पिठाचीं दोन अर्धीं पिंपें मिळालीं. या तारखेच्या सुमारें एक महिना आधीं, १ नोव्हेंबरास, कॅरोलाइनला मुलगा झाला होता. कादंबरींतील आई उपकाराचें ओझें घेण्यास सदैव नाखूष. आणि बाळंतिणीच्या घरीं मात्र हें पीठ आलेलें. आमच्या मतें या एका कागदानें तिची योग्यता उणावत नाहीं. इतक्या हलाखींत दिवस काढून तिनें त्याचा मागमूस मुलींच्या स्मरणांत फारसा राहूं दिला नाहीं, हेंच त्यावरून सिद्ध होतें.

१८७६ च्या उन्हाळ्यांत जमीन विकून कुटुंब पूर्वेकडे निघालें, व वाटेंत मिनेसोटांतच पीटर व एलायझा यांच्या शेतावर उतरलें. तेथें २७ ऑगस्ट १८७६ रोजीं तो मुलगा, चार्ल्स फ्रेडरिक, नऊ महिने पुरे करून दहाव्यांत वारला. त्याची समाधि आज कोणास दाखवितां येत नाहीं. आठ कादंबऱ्यांत या मुलाचा जन्मही नाहीं आणि मृत्यूही नाहीं. त्याचें अस्तित्व घरच्या नोंदींवरून व लॉराबाईंच्या एका हस्तलिखितावरून कळतें.

या हस्तलिखिताविषयीं येथेंच सांगणें इष्ट आहे. कादंबऱ्या लिहिण्यापूर्वीं, १९२९-३० च्या सुमारास, लॉराबाईंनीं शाळकरी वह्यांवर शिसपेनीनें आपल्या बालपणाची हकीकत सलग लिहून काढली होती. 'पायोनियर गर्ल' हें तिचें नांव. प्रकाशक मिळाला नाहीं, म्हणून ती तशीच राहिली व तिच्यांतील मजकूर कादंबऱ्यांस पुरविला गेला. लॉराबाईंची कन्या रोझ वाइल्डर लेन ही स्वतः नामांकित लेखिका. तिनें या मजकुरावर व पुढें कादंबऱ्यांवर किती हात फिरविला याविषयीं अमेरिकन अभ्यासकांत मोठा वाद झालेला आहे. मूळ हस्तलिखित सविस्तर टिपांसह २०१४ सालीं साउथ डाकोटाच्या इतिहास मंडळाच्या मुद्रणसंस्थेनें प्रसिद्ध केलें, तेव्हां पुष्कळ प्रश्न सुटले.

कादंबऱ्यांत जो काळ मुळींच वगळला आहे तो प्रथम यांत सांपडतो. मुलाच्या मृत्यूनंतर हें कुटुंब आयोवा संस्थानांतील बर ओक या लहान गांवीं एका खाणावळवजा हॉटेलांत कामास राहिलें. तेथें २३ मे १८७७ रोजीं ग्रेस ही शेवटची मुलगी झाली. एका डॉक्टराच्या बायकोनें लॉरेस दत्तक मागितलें, व कॅरोलाइननें हंसून नाहीं म्हटलें. घरभाड्याचा तगादा वाढला, घरमालक थांबेना, तेव्हां एका रात्रीं सामान गाडींत भरून कुटुंबानें गांव सोडलें. 'प्लम ओढ्याकांठीं' (१९३७) व 'सिल्व्हर लेकच्या तीरीं' (१९३९) या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचणारास ग्रेस नांवाचें मूल दुसरींत अकस्मात् अवतरलेलें आढळतें. त्याचें कारण हा गाळलेला काळ होय. चाणाक्ष वाचकानें केवळ या एका मुलीवरून ताडावें कीं, येथें पानें फाडलीं आहेत.

पुन्हां वॉलनट ग्रोव्ह येथें आल्यावर १८७९ सालीं थोरली मेरी आजारानें अंध झाली. कादंबरींत आरक्तज्वर हें कारण दिलें आहे. हस्तलिखित, लॉराबाईंचीं पत्रें व त्या वेळच्या वर्तमानपत्रांतील बातम्या तपासून अमेरिकन वैद्यांनीं २०१३ सालीं असा निर्णय दिला कीं, तो मेंदूच्या व त्यावरील आवरणाच्या सुजेचा विकार असावा. जुन्या रोगांचीं नांवें जशीच्या तशीं स्वीकारणाऱ्या चरित्रकारांनीं या पद्धतीचा विचार करावा.

डाकोटांतील पुढील आयुष्य कागदांच्या दृष्टीनें सरळ आहे, म्हणून तें थोडक्यांत देतों. चार्ल्सच्या बहिणीच्या नवऱ्यामुळें रेल्वेच्या कामावर नोकरी मिळून कुटुंब १८७९ सालीं डाकोटा प्रांतांत गेलें. फेब्रुवारी १८८० मध्यें चार्ल्सनें डी स्मेटजवळ १६० एकरांसाठीं अर्ज केला. १८६२ च्या कायद्याप्रमाणें पांच वर्षें राहून जमीन कसल्याचें साक्षीदारांनिशीं सिद्ध केलें म्हणजे ती मालकीची होई. त्याप्रमाणें ही जमीन चार्ल्सला १८८६ सालीं मिळाली. या पुराव्याच्या कागदांत घर, विहीर, नांगरट यांचा तपशील असतो, व ज्यांस एखाद्या वसाहतकरी कुटुंबाचें घर डोळ्यांपुढें आणावयाचें असेल त्यांनीं तेच आधीं मागवावे. मेरी १८८१ ते १८८९ या काळांत आयोवांतील व्हिंटन येथील अंधांच्या विद्यालयांत शिकली. डाकोटांत तशी शाळा नसल्यानें तिच्या शिक्षणाचा भार प्रांत सरकारनें उचलला होता. धाकट्या बहिणीच्या शिक्षकीच्या पगारावर तें विद्यालय चाललें, ही कादंबरींतील समजूत पुरती खरी नव्हे. १८८७ सालीं गांवांत तिसऱ्या रस्त्यावर चार्ल्सनें बांधलेलें घर हेंच कॅरोलाइनचें अखेरचें घर ठरलें. विवाहापासून तोंपर्यंत झालेलीं बिऱ्हाडें मोजूं लागल्यास दोन्ही हातांचीं बोटें पुरत नाहींत.

चार्ल्स ८ जून १९०२ रोजीं वारला. बापाच्या अखेरच्या दिवसांत लॉरा मिसूरीहून येऊन गेली. त्यानंतर आईची व तिची भेट झाली नाहीं. विधवा कॅरोलाइननें अंध मेरीसह, घरांतील खोल्या भाड्यानें देऊन, आणखी बावीस वर्षें काढलीं. २० एप्रिल १९२४ रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, चौऱ्यायशीं वर्षांची होऊन ती मरण पावली. मुलीच्या एकाही कादंबरीचें पान तिच्या दृष्टीस पडलें नाहीं.

आई गेल्यावर तिचें बालपण विचारावयाचें राहून गेलें, हें लॉराबाईंच्या ध्यानांत आलें. १९२५ सालीं त्यांनीं मावशी मार्था कार्पेंटर हिला पत्र लिहून त्या दोघी बहिणींच्या लहानपणींच्या गोष्टी विचारल्या, आणि अठ्ठ्याऐशींव्या वर्षाकडे झुकलेल्या त्या मावशीनें त्यांस पत्रांनीं उत्तरें पाठविलीं. काँकॉर्ड येथील क्वाइनर घराची जी माहिती आज आहे ती बरीचशी या पत्रांतूनच आलेली आहे. दोन वर्षांनीं मावशीही वारली.

कॅरोलाइनचा वंश पुढें असा: मेरी अविवाहित, १९२८ सालीं वारली. ग्रेसचा विवाह १९०१ सालीं झाला, संतति नाहीं, मृत्यु १९४१. कॅरीनें १९१२ सालीं एका विधुराशीं विवाह केला व त्याचीं मुलें वाढविलीं, स्वतःचें मूल नाहीं, मृत्यु १९४६. लॉरेला एक कन्या व एक मुलगा. मुलगा १८८९ सालीं नांव ठेवण्यापूर्वींच गेला, लॉरा स्वतः १९५७ सालीं. कन्या रोझ हिचें एकुलतें मूल जन्मतांच गेलें, व ३० ऑक्टोबर १९६८ रोजीं ती मेल्यावर कॅरोलाइनचा औरस वंश संपला. यामुळें घरचे कागद वाटण्या होऊन विखुरले नाहींत; ते संग्रहालयांच्या हातीं गेले. हेन्री, मार्था व एलायझा यांचा विस्तार मात्र मोठा आहे. मार्थेच्या पेटींतील पत्रांवरून जें कळलें त्यावरून पाहतां, क्वाइनर घराण्याचे राहिलेले कागद शोधावयाचे तर ते इंगल्स नांवाखालीं न शोधतां या तीन घरांकडे, व त्यांतही लेकींकडून गेलेल्या आडनांवांखालीं शोधले पाहिजेत.